शांत गल्लीतलं घर, बँडमास्तरांच्या नावे

हे लिहायचं मी इतके दिवस टाळलं की त्या टाळण्यात घरातली सगळी कामं उरकली. कुंपण छाटलं, माळा झाडला, दोर धुऊन वाळत घातले. फाटकाच्या बिजागरीला तेल तेवढं मुद्दाम घातलं नाही. ते करकरतं ते या गल्लीत कोणाला सोसत नाही.

आज बसले, कारण उद्या कामावर निघते. काम म्हणजे दोराला लटकून कारखान्यांची धुराडी रंगवायची. माझ्या आधी जो होता त्याचा दोर तुटला. मुकादम म्हणाला, "मागे काही असेल तर लिहून ठेव बाई. त्याने काही लिहिलं नाही, तर त्याच्या कुत्र्यावरूनसुद्धा भांडणं झाली." कुत्रा शेवटी कोणाला मिळाला ते विचारायचं राहिलं.

तर मी, आत्याची भाची, वय सव्वीस, शाळा अर्धवट, पत्ता बहुतेक वेळा नाही, लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे, माझ्या मानगुटीवर कोणी बसलेलं नाही, आणि मी रागात असले तरी हा राग जुना, नीट जपलेला आहे. रागाच्या भरात लिहिलं असं नंतर कोणी म्हणू नये.

कलम पहिले, घराबद्दल. हे जोडघर आहे. डावी बाजू आमची, उजवी शांतताकाकांची, मधली भिंत दोघांची. शांतताकाका हे नाव मी ठेवलेलं. ते गल्लीच्या समितीचे प्रमुख. माझी आत्या शिवणकाम करायची. उभं आयुष्य तिने पत्रे ठोकणाऱ्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत काढलं आणि म्हातारपणी हे घर विकत घेतलं. मला म्हणाली, "आता मला माझ्या मशीनचा आवाज तरी ऐकू येईल."

आला. तो काकांनाही आला.

या गल्लीची रीत अशी, की दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत आवाज करायचा नाही. ज्याच्या घरातून आवाज येईल त्याच्या फाटकाला समिती तांबडं फडकं बांधते. भांडण नाही, बोलाचाली नाही. फडकं असेतोवर त्या घराशी कोणी बोलत नाही, एवढंच. आत्याने मशीनखाली गादी घातली, खिडक्या लावल्या. तरी फडकी येत राहिली, मग सकाळचीही येऊ लागली. शेवटी तिने मशीनवर चादर टाकली आणि हाताने शिवायला बसली. तिचे डोळे त्यातच गेले.

ती न्हाणीघरात पडली तीही दुपारीच. उठता येईना म्हणून तांब्याने मधली भिंत ठोकत राहिली. तांब्याला पोचे आहेत, भिंतीचा पोपडा उडालाय, कोणीही येऊन पाहावं. शांतताकाका घरातच होते. ते बाहेर आले, आमच्या फाटकाला फडकं बांधलं आणि परत जाऊन आडवे झाले. संध्याकाळी दूधवाल्याला ते दिसलं. म्हातारी मशीन चालवत नाही, मग आवाज कसला झाला, एवढं त्या एकट्याच्या डोक्यात आलं. त्याने दार तोडलं तोवर उशीर झाला होता. मी तेव्हा दुसऱ्या गावात पाण्याच्या टाकीवर लटकत होते.

म्हणून माझ्या पश्चात हे घर, भिंतीच्या माझ्या बाजूसह, ब्रासबँडच्या मास्तरांना मिळावं. आजवर तालमीची जागा त्यांना कोणी फार दिवस दिलेली नाही. मी विचारायला गेले तेव्हा म्हणाले, "ताई, शेजार कसा आहे?"

"अगदी शांत."

"मग नको. हाकलून देतील."

"मालकाला हाकलत नाहीत मास्तर. फक्त फडकं बांधतात."

त्यांनी दोन्ही हात फाकवून माप धरलं. "मोठा ढोल दारातून आत जाईल ना?"

माणूस आवडला मला. अट एकच. कसलेल्या वादकांनी सकाळी वाजवावं. दुपारी, नियमाच्या वेळेत, फक्त शिकाऊंनी. तालीम पुढच्या खोलीत व्हावी.

कलम दुसरे, फडक्यांबद्दल. आत्याने एकही फडकं टाकलं नाही. ट्रंक भरली आहे. प्रत्येक फडक्याची कड बारीक टाक्यांनी मुडपलेली. आत्या ती हातात धरून म्हणायची, "मुडपणाऱ्याचा हात चांगला आहे गं. माणूस वाया गेलाय." या कापडातून बँडचे कोट शिवावेत. कमी पडणार नाही. पडलंच तर समिती आणखी देईल.

कलम तिसरे, दादाबद्दल. आत्या आजारी असताना माझा सख्खा मोठा भाऊ कधी फिरकला नाही. ती गेल्यावर आला तो मोजपट्टी घेऊन. खोल्या मोजल्या आणि काकांच्या जावयाशी घराचं बोलणं करून आला. घर आत्याने माझ्या नावे केलंय हे कळल्यावर मोजपट्टी इथेच विसरून गेला. ती त्याला परत करावी. बाकी काही नाही.

कलम चौथे, अवजारं. ब्रश, डबे, पट्टा ज्याला लागेल त्याने न्यावं. दोर मात्र कोणाला देऊ नये. मी पडलेच तर तो मुकादमाच्या टेबलावर नेऊन ठेवावा, तुटलेलं टोक त्याच्याकडे करून. नवा दोर मागव, नवा मागव, असं सांगून माझी जीभ झिजली.

मशीन कोणाला द्यायचं ते सुचत नाही. शिवणाऱ्याला द्यावं. मला बटणसुद्धा लावता येत नाही.

साक्षीदार पहिला: दूधवाला. समितीने त्याच्या सायकलची घंटी काढून घेतली होती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून माझ्या सायकलची घंटी त्याला आजच दिली. त्याने सही केली, आणि जाताना गल्लीभर वाजवत गेला.

साक्षीदार दुसरा: मिळत नाही. सकाळपासून घरोघर फिरले. कोणाचा चष्मा सापडत नाही, कोणाचा हात दुखतो. एक बाई फाटकाबाहेरच म्हणाल्या, "आम्हाला याच गल्लीत राहायचंय गं." दुसरी सही नसली तर हा कागद पानपट्टीसुद्धा गुंडाळायच्या कामाचा नाही. मग दादा सांगेल ते खरं आणि घर काकांच्या जावयाचं. गाडी पहाटेची आहे, म्हणून ही जागा मोकळी ठेवून

थांबा. फाटक करकरलं.

काकू आल्यात. शांतताकाकांची बायको. या घरात त्यांचं पाऊल आजवर पडलेलं नाही.

"सही हवीय म्हणे तुला."

"आधी वाचा, काकू. काकांना आवडणार नाही."

"वाचायचं काय त्यात? लिहिताना मोठ्याने बोलतेस. भिंतीतून सगळं ऐकलं."

त्याच म्हणाल्या, "त्या दिवशीही ऐकलं होतं. उठले होते मी. हे म्हणाले, बस खाली. बसले."

मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. "पुढच्या खोलीत नको बँड. मागच्या खोलीत ठेव. आमची निजायची खोली तिला लागून आहे."

"तुम्हीही तिथेच झोपता ना?"

"मला ढोलातही लागेल झोप. बरीच वर्षं लागलेली नाही."

पहिल्या कलमात 'पुढच्या खोलीत' खोडून 'मागच्या खोलीत' केलं आहे. खाडाखोड माझीच, शुद्धीत केलेली.

साक्षीदार दुसरी: काकू. सही केली आहे, स्वतःच्या नावाने. ते नाव गल्लीत कोणाला ठाऊक नसावं. मलाही नव्हतं.

लिहिणारीची सही: केली.

ठिकाण: माझं घर. तारीख: आजची. वेळ: दुपार, नियमातली.

ता. क. काकू अजून इथेच आहेत. त्यांनी मशीनवरची चादर काढली, चाकाला तेल घातलं आणि ट्रंकेतलं पहिलं फडकं सुईखाली घेतलं. मशीन सुरू आहे. शांतताकाका स्वतः फाटकाशी येऊन फडकं बांधतायत. मी काकूंना तसं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "बांधू दे. ते अजून मी मुडपलेलं नाही. सुतं निघतील त्याची."