हिरोच्या कानातली खरूज

९ ऑक्टोबर
हिरो दिलीपकडून परत आला. हिरो म्हणजे आमचा नर डुक्कर, बहीणभावाच्या अर्ध्या-अर्ध्या वाट्याचा. एक महिना इथं सोलापुरात माझ्याकडे, एक महिना धाकट्या भावाकडे, दिलीपकडे, अक्कलकोटजवळ. टेम्पोतून उतरला आणि आधी खांबाला कान घासत बसला. मी म्हटलं, प्रवासाचा शीण. वा रे माझी अक्कल!

१३ ऑक्टो.
आमची मादी चंपीही घासायला लागली. गाभण आहे, दिवाळीनंतर विणार. गुरांच्या डॉक्टरांनी हिरोच्या कानातली खपली तपासायला खरवडून नेली. संध्याकाळी फोन. खरूजच. गेल्या खेपेला तिची पिलं अशीच खाजवून खाजवून गेली, निम्मीसुद्धा राहिली नाहीत. तेव्हा कळलंच नाही काय झालं ते. यंदा होऊ देणार नाही म्हणजे नाही.

१४ ऑक्टो.
डॉ. म्हणतात, सगळ्यांना एकाच वेळी टोचा, दोन आठवड्यांनी परत. औषधानं किडे मरतात, अंडी राहतात. आणि नर जिथं जातो तिथलीही डुकरं सोबतच टोचा, नाहीतर बरी होऊन उपयोग नाही. दिलीपला फोन केला.
"आमच्याकडं कुनाला बी खरूज न्हाय, अक्का. तुझ्याच शेडातनं आली आसंल."
मीही चार शब्द सुनावले. आता फोन उचलत नाही. लहानपणापासून राग नाकावर.

१९ ऑक्टो.
इंजेक्शन वजनावर. चंपीला काट्यावर कोण चढवणार? छातीचा घेर नि लांबी मोजून वजन काढायला ह्यांनी सात रस्ता चौकातून टेलरचा टेप आणला. घेर झाला, हे लांबी घ्यायला वाकले तेवढ्यात बाईसाहेबांनी टेपाचे दोन तुकडे केले. ह्यांचा चेहरा बघून पोट दुखेपर्यंत हसले.
गुपचूप भावजयीला, गौराला, फोन. "हौदु, व्हय अक्का, हितं दोन घासायलेत. पर मी सांगितलं म्हणू नका."
तरी वाटलंच होतं!

२३ ऑक्टो. भाऊबीज
दिलीपकडे गेले. फुगून का होईना, पाटावर बसला. ओवाळलं. त्यानं साडीची पिशवी पुढं केली.
"साडी ऱ्हाऊ दे. तुझी डुकरं धर, मी टोचते. हीच ओवाळणी."
"सणाच्या दिवशी?"
"मग उद्या."
गौरा तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी म्हणाला, "लई वस्ताद हायस की गं!"
साडीही घेतलीच. मोरपंखी आहे, सोडते होय?

२४ ऑक्टो.
सकाळी त्याची डुकरं, दुपारी आमची. मी कानामागे सुई देत होते, गौरा टोचलेल्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढत होती. एका मादीनं दिलीपला चिखलात बसवलं. त्याच्या दोन माद्यांच्या कानात जाड खपल्या निघाल्या. तो पुढचं डुक्कर धरायला गेला. मला बोलायचं फार होतं, सुई भरली.

७ नोव्हें.
आमचा दुसरा डोस झाला. चंपीला साबणपाणी लावून काथ्यानं घासली, तर आडवीच पडली सुखानं. चुना मारलेल्या स्वच्छ खोलीत नेली.
दिलीपला विचारलं, दुसरा दिला का?
"दिला की!"
फार पटकन म्हणाला. गौरा माहेरी, तिचा फोन लागत नाही.

११ नोव्हें.
चंपी व्याली! अकरा. सगळी जिवंत, अंगं तुळतुळीत. मला रडूच आलं. ह्यांनी पेढे वाटले. शेजारणीनं विचारलं, मुलगा की मुलगी? ह्यांनी सरळ आकडा सांगितला.

१५ नोव्हें.
हिरोचा इथला महिना कधीच संपला. दिलीपनं न विचारता टेम्पो पाठवला. फोन केला, आधी तुझ्या डुकरांच्या कानाचे फोटो पाठव. पाठवला. स्वतःच्या कानाचा.
हसले. मग परत लावला. "दिल्या, खरं सांग. दुसरा डोस दिलास?"
"तूच ये की बघाया."
हे काय उत्तर झालं?
पिलं दूध पिताहेत. एकही अंग घासत नाही, सकाळपासून बघतेय. दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. हे म्हणतात, पाठव, भाऊ आहे. भाऊ आहे म्हणूनच तर...
चपला घातल्या. औषधाची बाटली पिशवीत टाकली. हिरोला चढवायचं की आधी एकटीनंच जायचं, ते अजून ठरत नाही.