तळघरातलं उत्तर

दि. २ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधीच सांगते, म्हणजे काय रागवायचं ते एकदाच रागावून घे. मी तिथे जाऊन आले. लेकीकडे राहा, हवी तेवढी फिर, पण दादा जिथे गेला त्या वायनरीची पायरी चढू नकोस, असं तू बजावलं होतंस. मी मानही हलवली होती. पण ते गाव इथून मोटारीनं जवळच आहे असं कळलं आणि मन थाऱ्यावर राहिना.

दादा वाइनची पिंपं दुरुस्त करायला एका हंगामापुरता आला आणि मालकाच्या पोरीला वाचवताना गेला, एवढंच आपल्याला कळवलं होतं. ती पोर आता चांगली बाई झालीय. वायनरी तीच चालवते, म्हातारा बाप दारातल्या खुर्चीतून नुसते हुकूम सोडतो. मी कोण ते लेकीनं सांगताच तिच्या हातातली पाण्याची नळी खाली पडली. अंगणभर पाणी झालं, म्हातारा ओरडत राहिला, आणि ही माझे दोन्ही हात धरून उभी.

मग तिनं चव घ्यायला वाइनचे पेले मांडले. घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायचा असतो म्हणे. तोंडातलं टाकायची आपल्याला कुठली सवय? मी गिळत गेले. पांढरी आंबट लागली, तांबडीनं जांभळासारखी जीभ ओढून धरली. नणंद उतारवयात बिघडली म्हणून खुशाल सांग सगळ्यांना! शेवटचा पेला तिनं दादानं बांधलेल्या पिंपातून भरला. ती वाइन ते विकत नाहीत. तो पेला मात्र मी तसाच खाली ठेवला.

नंतर तिनं आम्हाला तळघरात नेलं. लहानपणी ती बूट पडला म्हणून टाकीत उतरली होती. रस आंबताना जो वायू निघतो तो तळाशी साठतो, माणसाला श्वास घेऊ देत नाही. दादानं तिला खांद्यावर घेऊन बापाच्या हाती दिलं आणि स्वतः टाकीच्या तळाशीच बसला. तिनं वाकून पाहिलं तेव्हा त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसं तो काहीतरी बोलला. तो आवाज तिनं जसाच्या तसा जपलाय. लेक भाषांतर करत होती, पण इथे त्याची गरजच पडली नाही, कारण बाई चक्क मराठीत म्हणाली, "आलो गं, आलो."

वहिनी, दर हंगामात रस खदखदायला लागला की टाक्यांच्या बाजूनं तिला हेच ऐकू येतं. तिनं अर्थ विचारला, मी सांगितला. मग तिनं विचारलं, कुठे येतोय? मला काय ठाऊक!

आणि तिथून निघताना मीही ऐकलं. दादाचाच आवाज. लेकीला काही ऐकू आलं नाही. चांगली भर दुपार होती आणि मी पेल्यांच्या अमलाखाली नव्हते, तुझी शपथ.

फोनवर हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
चिमणी


दि. १७ ऑक्टोबर

चि. सौ. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस कुणाशी बोलले नाही. सूनबाईला वाटलं, माझी दाढ दुखतेय. वाटू दिलं.

तुझ्याकडे भर दुपार असते तेव्हा आमच्याकडे दिवेलागण होऊन पानं वाढायची वेळ झालेली असते. तुझा दादा समोरच्या पडवीत रंधा मारत बसायचा. मी आतून म्हणायची, अहो, येताय ना, पान वाढलंय. ते म्हणायचे, आलो गं, आलो. आणि हातातली फळी पुरी झाल्याशिवाय हलायचे नाहीत! तोवर सगळं गार.

ते परदेशी गेल्यावरही माझ्या तोंडून हाक जायचीच. सवयच ती. सासूबाई हसायच्या. ते गेले त्या दिवशीही मी हाक मारली होती. बातमी नंतर आली. त्यानंतर मोठ्यानं मारणं सोडलं, पण चिमणे, पान वाढताना मनातल्या मनात आजवर एक दिवस चुकवला नाही. लेकरांनाही माहीत नाही. मला त्यात बरं वाटायचं.

मला काय ठाऊक की तिकडे उत्तर येतंय. मी बोलावत राहिले आणि ते बिचारे निघतच राहिले. त्या अंधारात, त्या वासात.

काल पान वाढलं आणि मनात आलेली हाक गिळली. पुढे घास काही गिळवेना. सूनबाईनं लवंगेचं तेल आणून दिलं.

तुझ्यावर रागावलेली नाही. जपून राहा, आणि ते पेले आता पुरे.

आशीर्वाद आहेतच,
वहिनी


दि. ३ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशाशी ठेवून झोपते. लेकीनं वाचलं आणि तीही रडली.

काल त्या वायनरीतल्या बाईचा फोन आला. रस अजून खदखदतोय, पण तळघर गप्प झालंय. ज्या दुपारपासून गप्प झालं असं ती म्हणते, त्याच दिवशी तिन्हीसांजेला तू हाक गिळलीस. कामगार घरी गेले की ती टाक्यांपाशी जाऊन उभी राहते. काहीच नाही. आपण अर्थ विचारायला नको होता, त्याला राग आला असेल, असं म्हणून ती हुंदके देत होती. जणू घरचंच माणूस आत्ता गेलं असावं, तशी.

लेकीनं फोन माझ्या हातात दिला. मला त्यांची भाषा कुठली येते? मी मराठीतच म्हटलं, रडू नकोस बाई, तो घरी पोचला. लेकीनं ते सांगितल्यावर ती एकदम शांत झाली. थँक्यू म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बोलून गेले, वहिनी, पण तेव्हापासून माझाच जीव टांगणीला लागलाय. मी तिला खरं सांगितलं का? एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

लोभ आहेच, त्यात उणं पडू देऊ नकोस. तुझ्या उत्तराची वाट पाहते.

तुझी,
चिमणी