दुप्पट बोनस

दीक्षा,

डाळभात झाकून ठेवलाय, खाऊन कॉलेजला जा. मी भिसेगावला जाते, शर्वी निघायच्या आधी तिला एकदा बघून येते.

काल तिच्या आईनं दिवाळीचा बोनस दुप्पट दिला, वर साडी. मी म्हटलं, "ताई, एवढं कशाला?" तर म्हणाली, "मावशी, आम्ही उद्या पुण्याला राहायला चाललोय." चार वर्षं पोर सांभाळली मी, आणि आदल्या दिवशी सांगितलं.

निघताना शर्वी माझा पदर सोडंना. तिच्या आईनं तिचं एकेक बोट सोडवलं. तू लहान होतीस, तवा दुसऱ्यांची पोरं सांभाळायला जाताना मीपण तुझी बोटं अशीच सोडवायची. तुला काय वाटत असंल, ते काल कळलं गं.

आई