पोटाशी दोन इंच जास्त

दादा,

तू भांडून गेल्यापासून बाबा गप्पच होते, म्हणून आई आम्हाला समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. तिथे बोलायचं नव्हतं, मनातलं कागदावर काढायचं होतं. "मी शिंपी माणूस, मला चित्रबित्र येत नाही," असं कुरकुरत बाबांनी खिशातला खडू काढला आणि तुझा शर्ट आखला. माप तोंडपाठ, उतरत्या डाव्या खांद्यासकट. पोटाशी मात्र दोन इंच वाढवले. "सुटलं असेल आता गाढवाचं," म्हणाले. आईला हसू आवरेना, मग बाबांनाही.

हे पत्र मी टाकणार नाहीये. शर्ट शिवून झालाय, रविवारी बाबा स्वतः घेऊन येतायत. तुला आधी कळलं तर तू पोट आत घेशील.

तुझी चहाडखोर धाकटी