आईच्या हातात बसेल अशी मूठ

प्रिय आबा,

आज दुपारी आईने पेजेचा वाडगा डाव्या हाताने लोटून दिला आणि भिंतीकडे तोंड करून निजली. घरात बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही गेलात त्याला वर्ष होऊन गेलं. यंदा शिमग्याच्या आधी आईच्या अंगावरून वारं गेलं, हे तुम्हाला कुठून कळणार! पाय जरा सावरला, पण उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. महाडचे डॉक्टर म्हणाले, "भरवू नका. त्यांचं त्यांना त्याच हाताने खाऊ द्या, हात चालता राहील." मी ऑफिसात रजा टाकली आणि गावी, कापड्याला आले.

चमचा तिच्या बोटांतून निसटतो, आबा. रोज. दुकानातून जाड दांड्याचा आणला, तो तिला जड होतो. मग मी मोबाइलवर घरच्या घरी वस्तू बनवण्याचे व्हिडिओ बघत सुटले. काय काय करतात लोक! बाटल्यांचे दिवे, पुठ्ठ्यांची घरं. बघताना वाटतं, आपल्यालाही जमेल. मोबाइल ठेवला की हात रिकामेच!

तुम्हाला कसं सुचायचं हो? आजीला पायरी चढवेना, तर तुम्ही जुन्या नांगराच्या दांडीचा कठडा केलात. मी एकदा विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "सुचत नाय गो काय. मानूस कुटं अडतंय, ते बगत बसायचं." मी हसले होते. शेजारी बसून शिकले का नाही? आणि तुम्ही तरी कान धरून का बसवलं नाहीत मला?

चमच्याला पहिली मूठ मी बांबूची केली. फाटली, वर माझा अंगठा कापला. दुसरी चिंध्या गुंडाळून केली. ती पेजेत भिजली आणि सुळसुळीत झाली. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. त्यांना जमायचं ता."

तेव्हा मला तिच्या विळ्याची आठवण झाली. नवी मूठ घालायच्या आधी तुम्ही तिला ओल्या मातीचा गोळा दाबायला दिला होतात. चारी बोटं खोल उमटली होती. मी शेतातून माती आणली, मळली, तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "दाब."

तिने डोळे मिटून जोर लावला. कपाळावर घाम आला. हात उचलला तेव्हा गोळ्यावर दोनच खळगे होते, अंगठ्याचा आणि एका बोटाचा. तेही पुसट. या हाताने तिने इतकी वर्षं भात कापलं ना, आबा? मी गोळा पाठीमागे लपवला. तिला काय दिसलं नसेल?

त्या दोन खळग्यांवरून मी पांगाऱ्याच्या लाकडाची मूठ कोरली. चार दिवस लागले. वेडीवाकडी झाली, पण हलकी. आज दुपारी तिने ती धरली. एक घास तोंडात गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला मनगटच वळलं आणि पेज मांडीवर सांडली. मी पुसायला धावले, तर तिने वाडगाच लोटला.

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आई, चुकलं माझं. परत करते."

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुजी मूठ वायट नाय गो. माजा हातच ऱ्हायला नाय."

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? लाकूड तासता येतं. हात कुठून आणायचा? मी नुसती तिच्या पाठीशी बसून राहिले. ती झोपली, का झोपल्याचं सोंग केलं, देव जाणे.

आबा, तो हात परत येईल असं वचन मला देता येत नाही. एवढंच सांगते, दर पंधरा दिवसांनी मी तिच्या तळहातावर माती ठेवीन. दोन बोटं उमटली तर दोन बोटांची मूठ करीन. एक उमटलं तर एका बोटाची. आणि ज्या दिवशी काहीच उमटणार नाही, त्या दिवशी आधी तिला विचारीन, ती हो म्हणाली तरच भरवीन.

तुमची लेक,
वैशाली