एक्केचाळिसाव्या भागातली पहारेकरीण

९ नोव्हेंबर

पोचले एकदाची! नागपूरहून नागभीडपर्यंत एसटी, तिथून काळीपिवळी जीपमध्ये चौदा माणसं आणि माझ्या मांडीवर दोन व्हीसीआर. सिंदेवाहीच्या अलीकडच्या या गावात धानकापणी चालू आहे आणि सगळीकडे ताज्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास आहे. उतरल्या उतरल्या पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, सोमाजीच्या घरी काऊन जाता. 'कवचवीर' वाचवायला, मी म्हटलं. तो थुंकला आणि उठून गेला. असो. आज माझा दिवस खराब करायची कुणाची टाप नाही.

पुढेमागे कुणी ही वही उघडली तर त्याच्यासाठी लिहून ठेवते. कवचवीर म्हणजे राग आला की अंगावर खवले फुटणारा, जगाला वाचवत फिरणारा कार्टूनमधला वीर. चार मालिका, दोनशे बारा भाग, तीन सिनेमे. पैकी तिसरी मालिका कुठेच उरलेली नाही, काढणाऱ्यांकडेही नाही. ती फक्त या घरात आहे, आणि तीही झाडीबोलीत, म्हणजे इकडच्या पूर्व विदर्भाच्या बोलीत! इथले केबलवाले सोमाजी भाऊ यांनी वीसेक वर्षांपूर्वी झाडीपट्टीच्या नाटक कंपनीतले कलावंत घरी बसवले, त्यांच्याकडून आवाज भरून घेतले आणि गावाला कवचवीर दाखवला. भाऊ आता नाहीत. त्यांच्या पत्नी शकुबाईंनी मला मागची खोली दिली आहे. पत्र्याच्या पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात, बावन्न कॅसेटी. मी प्रत्येकीला हात लावून पाहिला.

इंटरनेटवरच्या आमच्या जतन मंडळात सहाशे चाहते आहेत आणि मी त्यांची प्रमुख. हे काम झालं की रिना कोण, हे विचारायची गरज कुणाला पडणार नाही.

१० नोव्हेंबर

पहिलीच कटकट. कॅसेटींवर भागाच्या क्रमांकाशेजारी लाल शाईचे आकडे आहेत आणि ते निव्वळ वेड्यासारखे आहेत. काहींवर दोन-दोन, तीन-तीन आकडे. त्या क्रमानं गेलं तर अडतिसाव्या भागानंतर पुन्हा सहावा येतो, चव्वेचाळिसाव्यानंतर पुन्हा तिसरा. एका कॅसेटवर तर लाल आकडाच नाही. कवचवीर कोणत्या क्रमानं पाहावा यावर मी अकरा वर्षं भांडले आहे, लोकांना मंडळातून हाकललं आहे. कथाक्रम म्हणजे कथाक्रम. मेलेलं माणूस पुढच्या भागात चहा पिताना दिसलं तर त्याला काय गोष्ट म्हणायची?

शकुबाईंची एकच अट आहे: लाल आकड्यांप्रमाणेच लावायचं. आकडे त्यांनीच भाऊंच्या सांगण्यावरून घातलेत. का, ते सांगत नाहीत. मी हो म्हटलं. म्हणायला काय जातं.

१२ नोव्हेंबर

रोज दहा भाग लावून लॅपटॉपवर उतरवून होतात, कथाक्रमानं. चित्र थोडं थरथरतं, पण आवाज खणखणीत. झाडीबोलीतला कवचवीर राक्षसाला म्हणतो, "तुले सोडत नाई बे आता!" मी एकटीच खोलीत हसले.

गाव मात्र कडू आहे. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून साबण देत नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाला मूठभर सुट्टे मोजून देतो. आज दसरूभाऊ आले, मालिकेतल्या आचार्यांच्या पात्राला यांचाच आवाज. सत्तरीचे, ताठ. चहा घेतला नाही. कोणत्या नंबरानं लावून राह्यली, एवढंच विचारलं. मी खोटं बोलले. त्यांनी टीव्हीवर चाललेला भाग पाहिला आणि जाताना म्हणाले, की अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मनात म्हटलं, तुमचा बैल तुम्ही सांभाळा.

१४ नोव्हेंबर

मोठा दिवस. सकाळी अकराला अडतिसावा भाग लावला: आचार्य वेधशाळेच्या मनोऱ्यावरून कोसळतात, डावा हात वर. दसरूभाऊंची किंकाळी ऐकून अंगावर काटा आला. काय कलावंत आहे हा माणूस!

दुपारी एक्केचाळिसावा. हीच ती बिनआकड्याची कॅसेट. आवाज गिळणारा राक्षस मौनासुर वेशीवर येतो आणि तिथली पहारेकरीण त्याला एकटी अडवते. चार वाक्यं बोलते आणि मरते. या एकाच भागात ती आहे. तिला नावही नाही. तिची चारही वाक्यं गायब, ओठ हलतात आणि आवाज कोरा. फीत खराब झाली असणार. हिंदी संहितेची झेरॉक्स माझ्याकडे होती, तीवरून मी झाडीबोलीत वाक्यं केली आणि माझ्याच आवाजात भरली. इतकी चपखल बसली, की मीच स्वतःला शाबासकी दिली. लगेच मंडळावर टाकला भाग. तासाभरात सहाशेपैकी चारशेंनी पाहिला.

१५ नोव्हेंबर

दसरूभाऊ गेले. काल सकाळी तणसाच्या ढिगावरून पडले. ढीग माझ्या खांद्याएवढा. उचलायला गेले तेव्हा डावा हात वर ताठलेला होता, असं शकुबाईंनी माझ्या तोंडावर सांगितलं, आणि किती वाजता पडले तेही सांगितलं. अकरा.

मग बाकीचंही सांगितलं. त्यांच्या कंपनीची रीत अशी, की रंगमंचावर मेलेल्या गड्याला रंग पुसायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी पात्राच्या नावानं हाक मारून उठवायचं. नाही उठवलं तर मरण अंगाला चिकटतं. कार्टूनच्या वेळी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि पहिल्याच वर्षी दोघं गेले. तेव्हा भाऊंनी तोड काढली: ज्या भागात पात्र मरतं, त्याला लागून ते जिवंत असलेला जुना भाग दाखवायचा. म्हणून ते आकडे. "तुमाले सांगतलं होतं ना बाई," एवढंच त्या शेवटी म्हणाल्या.

योगायोग आहे. सत्तरीचा माणूस ढिगावर चढतोच कशाला? मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण योगायोग आहे.

१७ नोव्हेंबर

हट्टानं चव्वेचाळिसावा लावला. लिहायला लाज वाटते, पण हट्टानंच. त्यात सेनापती तारका बंद खोलीत पाण्यात बुडते. आवाज कमळाबाईंचा, चौथ्या घरातल्या.

दहा मिनिटांत आरडाओरडा. भर उन्हात, कोरड्या अंगणात, धान पाखडता पाखडता कमळाबाई आडव्या झाल्या होत्या आणि तोंडातून पाणी येत होतं. स्वच्छ पाणी, थांबतच नव्हतं. शकुबाईंनी माझं बखोट धरून खोलीत आणलं. मी तिसरा भाग लावला. घाईत कॅसेट दोनदा पडली. सुरुवातीचं गाणं संपून तारका पडद्यावर आली, "चला रे पोट्टेहो" म्हणाली, आणि बाहेर कमळाबाईंनी श्वास घेतला.

म्हणजे खरं आहे. दसरूभाऊंना मी मारलं. सहावा भाग लावायला मला पंचवीस मिनिटं लागली असती.

१८ नोव्हेंबर

सकाळी शकुबाईंनी चहा विचारला. नको म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज नाही. घसा दुखत नाही, ताप नाही. आवाजच नाही.

पहारेकरीण. मौनासुर चार रात्री वेशीबाहेर थांबतो, मग आधी तिचा आवाज घेतो, मग हात, मग श्वास. आवाज गेल्यावर वेशीवर ती तीन सूर्य पाहते. आज पहिला.

जुना भाग कुठून आणू? ती दुसऱ्या कुठल्याच भागात नाही! मी भरलेला आवाज पुसून टाकला, मंडळावरून भाग काढला. काही फरक नाही. पाहणाऱ्यांनी पाहिलं.

वहीच्या पानावर लिहून शकुबाईंना दाखवलं. त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं आणि कपाळाला हात लावला. फीत खराब नव्हतीच. ती एकदाच येते आणि मरते, म्हणून त्या पात्राला आवाज द्यायला कंपनीतलं कुणी तयार झालं नाही. भाऊंनी ती कॅसेट कधी दाखवलीच नाही.

आता उपाय एकच, जुन्या रीतीचा. दुसऱ्यानं नावानं हाक मारायची. शकुबाई मारतील. मला माफ केलेलं नाही, पण मारतील. मात्र कलावंताचं नाव चालत नाही, पात्राचं लागतं. आणि हाक एकदाच मारता येते.

तिला नाव नाही.

१८ नोव्हेंबर, दुपार

शकुबाई म्हणतात, ठेवा एखादं, लेकराचं ठेवतो तसं. पण खोटं नाव लागू पडलं नाही तर? हाक एकच आहे. खरं नाव कुठेतरी असणार, काढणाऱ्यांच्या कागदात, कुणाच्या तरी जुन्या मासिकात. मंडळावर विचारलं आहे. सहाशे माणसं. कुणाला तरी माहीत असेल.

१९ नोव्हेंबर

दुसरा सूर्य. डावा हात मनगटापासून गार. चिमटा काढला, कळत नाही.

मंडळावर दोनशे निरोप. एकानं नाव सुचवलं, दुसऱ्यानं पुरावा मागितला. तिसऱ्यानं माझाच नियम चिकटवला: छापील पुराव्याशिवाय कुठल्याही पात्राला नाव द्यायचं नाही, देणाऱ्याला मंडळातून काढलं जाईल. खाली माझी सही. मी लिहिलं, जीव जातोय, कुणाचंही चालेल, सांगा. हसणारे चेहरे आले. ज्यांना मी हाकललं होतं तेही परत आलेत, मजा बघायला —

उचलली जीभ लावली टाळ्याला, सगळे. मीच शिकवलं त्यांना.

१९, संध्याकाळ

शकुबाई दोनदा येऊन गेल्या. ठरलं का, विचारतात. नाही म्हणून मान हलवली. उद्या सकाळपर्यंत थांबू. कुणीतरी म्हणालं, त्याच्या काकांकडे जुनं मासिक आहे —

२० नोव्हेंबर

तिसरा.

मासिक नाही. काका पण नाहीत. थट्टा होती.

उजव्या हाताची दोन बोटं चालतात. पेन मुठीत धरलंय. छाती जड.

खरं नाव नव्हतंच कधी. कुणी ठेवलंच नाही. चार वाक्यांची बाई, कोण ठेवणार. मी तरी. अकरा वर्षं तिला "भाग ४१, इतर" लिहीत होते —

दोन दिवस फुकट घालवले. मूर्ख. मूर्ख.

शकुबाई आल्या. कमळाबाई पण. पदर खोचून दारात उभ्या आहेत. लिहा म्हणतात, बाई लवकर लिहा, आमी हाक मारतो. बोट ठेवलंय वहीवर, मी लिहीन तसं वाचणार —

श्वास अर्धाच येतो

ठरवलं. मीच ठेवते. पुरावा नाही, नसू दे —

तिचं नाव