थांब्याचा दुसरा नियम

प्रिय छोटेराव,

हे पाकीट बुधवारी सकाळी तुझ्या हातात पडेल, असं कुरियरवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलंय. गुरुवारी दहा वाजता तुझी चौकशी समितीपुढे साक्ष. म्हणजे हे वाचायला, माझ्यावर चिडायला आणि चीड ओसरल्यावर विचार करायला तुझ्याकडे एकच दिवस आहे. कमी आहे, कबूल. आधी लिहायला जमलं नाही. का जमलं नाही ते शेवटी सांगतो. मधली पानं गाळून शेवट वाचायची तुझी लहानपणची खोड अजून असेल, तर एवढ्या वेळी आवर.

सूनबाईने रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारीच बसलो होतो हे तिला माहीत नव्हतं, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस. क्रेनचा ब्रेक सुटला, खाली तुझ्या खात्यातला डावऱ्या उभा होता आणि त्याचा नेमका डावाच हात गेला. ज्या हाताने तो वेल्डिंग करायचा तोच. कंपनी म्हणते चूक त्याची, पिवळ्या रेषेच्या आत का गेला. आणि ब्रेक कण्हतोय हे तुला आठवडाभर आधी ऐकू आलं होतं, तू अपघाताआधीच्या मंगळवारी सुपरवायझरकडे जाऊन तोंडी सांगितलंही होतंस. हे ऐकून खरं सांगू, आधी छाती फुगली. नाक तू आईचं घेतलंस, पण कान माझे घेतलेस. मग सूनबाईचं पुढचं वाक्य आलं. सुपरवायझर तुला म्हणाला म्हणे, "तुला बोलायला त्रास होतो, कशाला चारचौघांत हसं करून घेतोस? लिहून दे, मी वाचून दाखवतो." आणि तू मान डोलावलीस.

अरे बाबा, ज्याला तू सांगितलं होतंस, तोच तुझं म्हणणं वाचणार? मी तीस वर्षं गिऱ्हाइकं आणि इन्स्पेक्टर पाहिलेत, असली माणसं मला चपलेच्या आवाजावरून कळतात. तो तुझा कागद अगदी मायेने वाचेल. मध्ये खोकेल, चष्मा पुसेल, घोटभर पाणी पिईल, आणि 'मंगळवारी मी यांना सांगितलं होतं' एवढं एकच वाक्य त्या पाण्याबरोबर पोटात जाईल. कागद फायलीत, फाईल कपाटात. समितीच्या कानात राहील ते त्याने वाचलेलं. डावऱ्याच्या बाजूने दुसरा साक्षीदार नाही. तुझ्याशिवाय तो आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता.

पण हे सांगायचा मला हक्क आहे का? तुझ्या जागी दुसऱ्याने बोलू नये, असं मी म्हणावं? तू आत्ता ओठ वाकडे केले असणार, इथून दिसलं मला. म्हणूनच मागचं सगळं काढायला बसलोय. एकवीस वर्षं आपण दोघं ज्या गोष्टीला वळसा घालून जातोय, तिच्यावरूनच आज चालत जाणार आहे.

तू सहा वर्षांचा असताना तुझ्या बाईंनी चिठ्ठी पाठवली होती, की मुलगा उत्तर देताना अडकतो, पण वर्गाबरोबर पाढे म्हणताना एकदाही अडकत नाही. ती चिठ्ठी मी खिशात घालून हिंडत होतो. त्याच आठवड्यात मास्तर वर्कशॉपात आले, पंख्याचा वाकलेला दांडा लेथवर सरळ करून घ्यायला. शाळेतून निवृत्त झालेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली, बोलणं कात्रीने कापल्यासारखं. त्यांना चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, पोरगा तालात अडखळत नाही तर त्याला ताल शिकवा. मी म्हणालो, सातवीतून शाळा सोडलेल्या माणसाला ताल कुठून येणार? त्यावर मास्तर म्हणाले, "मघाशी पलीकडच्या मशीनचं बेअरिंग गेलंय हे तुम्ही पाठमोरे उभे राहून ओळखलंत. अशा माणसाला वृत्तं शिकवायला आठवडा पुरे." दोन वर्षं लागली. आठवड्याचा हिशेब मास्तरांनी कसा केला, कोण जाणे.

तुला आठवतं ना, छोटी हातोडी म्हणजे लघु आणि मोठी म्हणजे गुरू? ऐरणीवर आधी छोटीचा एक ठोका, मग मोठीचे दोन, असं चार वेळा केलं की भुजंगप्रयात. पलीकडे आपला टर्नर गालात हसत विचारायचा, "मालक, आज आर्या की ऑर्डर?" ओवी मला लवकर जमली, तिला माणसासारखा श्वास असतो. आर्येच्या मात्रा मोजता मोजता मी एकदा चांगला शाफ्ट बारीक कापून ठेवला. सुनीत हा काव्यप्रकारही केला, चौदा ओळी चौदा दिवसांत, मास्तरांनी त्यातल्या बारा खोडल्या आणि उरलेल्या दोन पाहून म्हणाले, या कुठून उचलल्यात? मी शिकायचो आणि तुला शिकवायचो. आपण दोघं एकाच इयत्तेत होतो. आणि वृत्तात असलास की तू पाण्यासारखा वाहायचास. रोजचं बोलणं मात्र तसंच राहिलं. दूध हवं असलं की तू बोट दाखवायचास.

मग तो बसथांबा. तू नऊ वर्षांचा, बस चाळीस मिनिटं आली नव्हती आणि तू मला काहीतरी सांगत होतास. अडकलास. मी नेहमीसारखा तोंड उघडून शब्द पुरवणार, तेवढ्यात तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. घट्ट. आणि स्वतः तो शब्द पुरा केलास. मग म्हणालास, बाबा, अडकायचं हाच नियम असला तर? बसच्या जुन्या तिकिटाच्या मागे आपण तिथेच ठरवलं. तीन ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरं. पहिल्या ओळीत एका शब्दानंतर थांबायचं, दुसरीत दोन शब्दांनंतर, आणि तिसरी कुठेही न थांबता सरळ. नाव ठेवलं 'थांबा'. नियम दोन. पहिला तुझा: थांबणारा हवा तेवढा वेळ थांबेल. दुसरा मी घातला, मालकाच्या ऐटीत, तिकिटावर सहीसकट: थांब्यात ऐकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. तुझा पहिला थांबा मला पाठ आहे.

दार — उघडं ठेव ना
मी येतो — जरा मागून
माझे शब्द पायी येती

मास्तरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग वरची गुंडी सोडली, पहिल्यांदाच. म्हणाले, जुनी वृत्तंसुद्धा कुणाच्या तरी श्वासाच्या मापानेच बेतली असणार, हे तुमच्या पोराचं माप आहे. त्यानंतरचे ते सात-आठ महिने आपल्या घरात काय सुंदर गप्पा व्हायच्या! तू बोलायचास, थांबायचास, आई भाजी चिरता चिरता हात थांबवायची. वर्षाच्या आत तू दूध तोंडाने मागायला लागलास, आणि साय नको हेही.

आता त्या काव्यवाचन स्पर्धेचं. तू म्हणाला होतास, मी थांबेच म्हणीन. संयोजक म्हणाले, मान्य वृत्तातली रचनाच चालेल. त्यावर मी तुला घेऊन घरी यायला हवं होतं. पण मला हुक्की आली होती. सातवीवाल्या लोहाराने वृत्त लिहिलंय आणि त्याचा पोरगा ते म्हणतोय, हे त्या कडक इस्त्रीच्या लोकांना दाखवायचं होतं. माझी भुजंगप्रयातातली कविता मी तुझ्या हातात कोंबली. घरी तू ती घडाघडा म्हणायचास, म्हणून मी निर्धास्त. व्यासपीठावर तू पहिली ओळ स्वच्छ म्हणालास, "मला सांग रे यंत्र गाते कशाला". दुसरीच्या पहिल्याच अक्षरावर अडकलास. 'कु'वर. मला दिसत होतं की तू अडकलेला नाहीस, तू थांबला आहेस. तुझे डोळे मिटलेले होते, तू बसथांब्यावर होतास. अजून तीन श्वास आणि ती ओळ आली असती. मी तिसऱ्या रांगेतून, तीन लेथ चालू असताना ऐकू जाईल अशा आवाजात, पूर्ण ओळ ओरडलो. "कुणी ऐकते का तयाच्या सुरांना!" सभागृह हसलं. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस आणि खाली उतरलास. ओळ कोणती होती, तेही तू विसरला नसशील.

त्यानंतर घरात एकही थांबा झाला नाही. 'हो', 'नाही', 'बघतो'. नोकरीसाठी इतक्या लांबचं गाव निवडलंस तेव्हा आई म्हणाली, पगार चांगला आहे.  मी प्रेमानेच केलं, पोराची फजिती वाचवली, असं स्वतःला सांगत राहिलो. चांगलं ठसठशीत खोटं होतं, बरीच वर्षं टिकलं.

सूनबाईने त्याच फोनवर आणखी एक विचारलं. "बाबा रागावलेत का? पाच आठवडे फोनवर आले नाहीत. हे म्हणतात, येणारही नाहीत." आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, कामात असतात गं. नाही रे, छोटेराव. पाच आठवड्यांपूर्वी वर्कशॉपात उभ्या उभ्या माझा उजवा पाय गेला आणि तोंड वाकडं झालं. पाय आला परत, तोंडही बरंचसं सरळ झालं. बोलणं आलं नाही. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, लिहितोही, फक्त हात सावकाश चालतो, म्हणून या पत्राला तीन दिवस लागले. पण डोक्यात तयार असलेला शब्द तोंडात येईपर्यंत मोडतो. तुला कळवायचं नाही अशी आईला मीच पाटीवर लिहून शपथ घातली. अपघात झाल्याचं तेवढं आधीच कळलं होतं, तुझ्यावर ते ओझं होतंच, आणि खरं म्हणजे लाज वाटत होती. आता मी 'पाणी' म्हणायला तोंड उघडतो आणि आई म्हणते, "पान? पावडर? पायात दुखतंय?" टर्नर माझी वाक्यं पुरी करतो, तीही अशी की मी जन्मात म्हटली नसती. सगळे प्रेमानेच करतात. आणि दर वेळी माझ्या तोंडातून काहीतरी ओरबाडून नेल्यासारखं होतं. तुझं काय नेलं होतं, ते मला या पाच आठवड्यांत कळलं. त्याबद्दल माफी मागतो.

म्हणून आता ऐक. कागद सुपरवायझरच्या हातात देऊ नकोस. उभा राहा आणि पहिलं वाक्य हे म्हण, की मी अडखळतो, मी थांबेन तेव्हा कुणी मध्ये बोलू नये, आणि हे माझं म्हणणं नोंदवून घ्या. घाई समितीला असेल, तुला नाही. मंगळवारचं वाक्य यायला पाच मिनिटं लागली तर लागू देत. डावऱ्यासाठी तेवढं त्यांनी बसावं. नातेवाइकांना मागच्या बाकावर बसू देतात असं सूनबाई म्हणाली. आई आणि मी बुधवारी संध्याकाळच्या गाडीने निघतोय. मी तिथे नको असेन तर त्याआधी फोन कर. आई उचलेल, मी ऐकत असेन. पण येऊ दिलंस तर घाबरू नकोस, या वेळी तिसऱ्या रांगेतून कुणी ओरडणार नाही. ओरडू म्हटलं तरी येत नाही. मागचा बाक आणि दुसरा नियम, दोन्ही मी सांभाळीन. काल दुपारी स्वयंपाकघरात आईला समोर बसवलं, ते जुनं तिकीट तिच्या हातात दिलं, दुसऱ्या नियमावर बोट ठेवलं, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा तीन ओळी तोंडाने म्हटल्या. कुकर गार होऊन गेला, पण ती एक अक्षरही मध्ये बोलली नाही.

मी — मागच्या बाकावर
गप्प बसून — ऐकेन
तुझी ओळ तुझी आहे

तुझाच, थांब्यावर उभा असलेला,
बाबा